शिट्ट्या मोजणारे आणि कुकर लावणारी

आमच्या साताऱ्याच्या घरात कुकर लावायचा आईने आणि शिट्ट्या मोजायच्या बाबांनी, ही वाटणी मला कळायला लागल्यापासूनची आहे. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेले असायचे आणि तिसरी शिट्टी झाली की मान वर न करता ओरडायचे, "तीन झाल्या गं!" मग आई कणकेचे हात तसेच घेऊन मनगटाने गॅसचं बटण फिरवायची. खुर्चीपासून गॅसपर्यंत फार तर दहा पावलं असतील, पण ती चालून जाऊन गॅस बंद करणं हे बाबांच्या कामात बसत नव्हतं, त्यांचं खातं मोजणीचं. आणि मजा म्हणजे एखाद्या दिवशी भात गिच्च झाला की "मी तर वेळेवर सांगितलं होतं" हे वर.

२०१६ च्या ब्लॅक फ्रायडेच्या सेलमध्ये मी इथे अमेरिकेत, न्यू जर्सीत, इन्स्टंट पॉट म्हणजे विजेवर चालणारा बटणांचा कुकर घेतला. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवला तर तिचा पहिला प्रश्न, "शिट्टीच नाही? मग कळतं कसं?" म्हणलं अगं मिनिटं लावायची, झालं की ते आपलं आपण पीप करतं आणि गरम ठेवत बसतं. आई म्हणाली बरंय की. बाबा मागे बसले होते, ते काहीच बोलले नाहीत. मला तेव्हा हसू आलं, की अख्ख्या स्वयंपाकातलं एकच काम या माणसाकडे होतं, तेही यंत्राने काढून घेतलं.

पण नंतर तो विचार डोक्यातून जाईना. स्वयंपाकघरात एकामागोमाग एक यंत्रं आली, कुकर आला, मिक्सर आला, फ्रिज, मायक्रोवेव्ह, आता हे सगळं एकात करणारं भांडं, आणि दर वेळी सांगितलं गेलं की बायकांचं काम कमी होणार. मग कमी झालं का, आणि झालं असेल तर कुणाचं झालं?

इथे कुठल्याही मराठी घरी पॉटलक (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) असलं की या विषयावर दोन पार्ट्या पडतातच. एक पार्टी म्हणते या पॉटने आमची सुटका केली, दुसरी म्हणते यंत्रातल्या जेवणाला चव नाही, आईच्या हातचं ते आईच्या हातचं. (दुसऱ्या पार्टीत बहुतेक करून असे लोक असतात ज्यांनी स्वतः कधी मटकीला मोड काढलेले नाहीत.) मला दोन्ही पार्ट्यांचं पटत नाही. चवीचा प्रश्न तर खूप नंतरचा आहे. माझं म्हणणं इतकंच आहे की यंत्र काम संपवत नाही, ते काम इकडून तिकडे हलवतं, आणि ते हलून कुणाच्या हातात गेलं हे बघितल्याशिवाय सुटका वगैरे शब्द वापरू नयेत.

आधी त्या पॉटबद्दलच बोलते, कारण त्याच्याबद्दल थापाही खूप मारल्या जातात. हे भांडं काढलं कॅनडातल्या ऑटवाच्या रॉबर्ट वांग या इंजिनीयरने. २००९ मध्ये कंपनी, २०१० मध्ये पहिलं मॉडेल. नोकरी गेलेली, घरात दोन लहान मुलं, रोज संध्याकाळी जेवायला काय हा प्रश्न, त्यातून ते निघालं असं ते सांगतात. म्हणजे हा प्रश्न एका बापाला पडला होता हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी आहे. आत आहे काय, तर प्रेशर कुकर, मंद आचेवर शिजवणारं भांडं, भाताचा कुकर, दही लावायची सोय आणि तळाशी हजार वॉटची शेगडी, ज्याच्यावर आपण फोडणी करतो. सगळं एका बटणांच्या पाटीवर. इतकं टिकाऊ निघालं की एकदा घेतलेल्याला दुसरा घ्यायची गरजच पडत नाही, आणि २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा लोक हेच म्हणत होते की चांगली वस्तू बनवून बुडाले.

पण "सहा मिनिटांत वरणभात" ही शुद्ध थाप आहे. सहा मिनिटं हा आकडा प्रेशर आल्यानंतरचा. प्रेशर यायला दहा-बारा मिनिटं, झाल्यावर आपोआप उतरायला अजून दहा-पंधरा, म्हणजे अर्धा तास गेलाच. आपला शिट्टीवाला कुकर यापेक्षा लवकर आटपतो, कारण त्यात साधारण १५ पीएसआय (दाब मोजायचं माप) दाब असतो आणि पाणी १२१ अंशांपर्यंत जातं, पॉटमध्ये दाब १०-११ च्या आसपास, त्यामुळे तापमानही चार-पाच अंश कमीच, म्हणून छोले आणि राजमा त्यात जास्त वेळ घेतात. आणि ज्याला इथले लोक मोठ्या शोधासारखं "पॉट इन पॉट" म्हणतात, पीआयपी असं लाडाचं नावही आहे त्याला, ते म्हणजे आपले कुकरचे डबे हो! खाली बटाटे, मधे भात, वर वरण, झाकायला ताटली. आपल्या आज्यांना कुणी पेटंट दिलं नाही.

मग त्याने वाचतं काय? राखण वाचते. हा शब्द मी मुद्दाम वापरते, शेताची राखण करतात तसा. गॅसवर काही ठेवलं की एक कान तिकडे राहतो, दूध उतू जाईल, शिट्टी झाली का, डाळ तळाला लागली का. तुम्ही मीटिंगमध्ये असा, मुलाचा अभ्यास घेत असा, अंघोळीला गेलेल्या असा, एक कान ओट्यापाशी. पॉटमध्ये तांदूळ-डाळ-पाणी घातलं, झाकण लावलं, वरचा व्हॉल्व्ह 'सीलिंग'वर, म्हणजे बंद, आहे का बघितलं (मी तीनदा विसरलेय, अर्धा तास नुसती वाफ सोडत बसलं होतं आणि मी वर जाऊन कपडे घड्या घालत होते) की तो कान मोकळा होतो. ही छोटी गोष्ट नाही. घड्याळात ती दिसत नाही पण डोक्यात दिसते. पॉटचं कौतुक करायचं तर याचं करा, सहा मिनिटांचं नको.

आता उरलेलं बघा. उद्या काय करायचं हे आदल्या रात्री ठरवायचं, छोले किंवा हरभरे भिजत घालायला लक्षात ठेवायचं, कोथिंबीर संपलीय हे माहीत असायचं, भाजी निवडायची, चिरायची, लसूण सोलायचा, पोळ्या करायच्या, जेवायला वाढायचं, उरलेलं कुठल्या डब्यात मावेल हे बघायचं, खरकटं काढायचं, ओटा पुसायचा, पॉटच्या झाकणाची ती सिलिकॉनची रिंग काढून धुवायची नाहीतर उद्याच्या खिरीला आजच्या सांबाराचा वास. यातलं एकही काम हे यंत्र करत नाही. ते फक्त शिजवतं. शिजवणं हे स्वयंपाकातलं सगळ्यात कमी कष्टाचं काम आहे हे ज्याने रोज स्वयंपाक केलाय त्याला माहितीये, विस्तव ते काम हजारो वर्षं करतोच आहे.

पोळ्यांचंही यंत्र निघालं, रोटीमॅटिक, आणि काढणाऱ्यांत प्रणोती नागरकर हे आपलं मराठी नाव आहे, सिंगापूरला २००८ मध्ये कंपनी काढून वर्षानुवर्षं खपून ते त्यांनी बनवलं, मला त्याचा अभिमान वाटतो. आमच्या ओळखीत दोघांकडे आहे. साधारण हजार डॉलरचं यंत्र. पीठ, पाणी, तेल आपण भरायचं, पोळी गोल येते, फुगते, आणि शेवटी ते साफ करायला कोण बसतं हे मी दोन्ही घरांत बघितलंय.

सगळं एकात हा हट्टही काही नवा नाही बरं का. १९१० मध्ये कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर काढला होता, खाली कोळसा, वर डब्यावर डबे, भात, डाळ, भाजी एकदम वाफेवर शिजायची आणि कुणी जवळ उभं राहायची गरज नाही. म्हणजे राखण वाचवायची कल्पना शंभर वर्षांहून जुनी, आणि तीही आपल्या देशातली. मग १९५९ च्या सुमारास हॉकिन्स आणि प्रेस्टीजचे प्रेशर कुकर आले. पुढे मुंबईत सत्यप्रकाश माथुर यांनी सुमीत मिक्सर काढला, बायकोचा परदेशी मिक्सर आपल्या वाटणांपुढे जळून गेला म्हणून, कारण त्या युरोपियन मशीनना सुकं खोबरं आणि भिजवलेली डाळ म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं.

आता मिक्सर आल्यावर काय झालं ते बघा. पाटा-वरवंटा कोपऱ्यात गेला, पाठीची हाडं वाचली, हे खरंच. पण माझी आजी आठवड्यातून एकदा, सणावाराला दोनदा वाटण वाटायची, बाकी दिवस शेंगदाण्याचं कूट आणि काळा मसाला. मिक्सर आल्यावर रोज ओलं वाटण लागायला लागलं. आमच्या घाटावरच्या घरात आजीने जन्मात इडली केली नव्हती, आईला दर रविवारी करावी लागली, का तर आता मिक्सर आहे ना! फ्रिज आला तसं "शिळं नको" म्हणणारेही वाढले, हे मला आजतागायत कळलेलं नाही. यंत्राने जेवढा वेळ वाचवला तेवढ्या फर्माइशी वाढल्या, आणि फर्माइश करणारा हात धुवून ताटावर बसलेला. पॉटचंही तेच चाललंय. पूर्वी आठवड्यातल्या दिवशी खिचडी-कढी चालायची, आता बिर्याणी "वन पॉट"मध्ये होते म्हणून बुधवारी बिर्याणी.

घरातल्या अन्नाच्या कामात एकच यंत्र मला असं दिसतं ज्याने बायकांचं काम खरोखर उचलून नेलं. पिठाची गिरणी. ते यंत्र स्वयंपाकघरात नव्हतंच, ते नाक्यावर होतं.

जात्यावर दळणारी बाई पहाटे चारला उठायची, दोन-तीन तास दळायची तेव्हा दिवसाच्या भाकरी व्हायच्या. त्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून गोळा केल्या, एक लाखाच्या वर भरल्या, आणि त्या वाचल्या तर कळतं की बायका विठोबाला, सीतेला, आईला, भावाला का हाका मारत होत्या. आता सगळे म्हणतात काय सुंदर ओव्या, संस्कृती गेली. अहो संस्कृती गेली म्हणून एकीनेही परत जातं मांडलेलं मी बघितलं नाही. कारण गिरणी आली आणि ते काम घराबाहेर गेलं. बाहेर गेल्यावर तीन गोष्टी झाल्या. त्या कामाला पैसे मिळायला लागले, पायलीला इतके, किलोला इतके. ते काम करणारा पुरुष असला तरी कुणाला वावगं वाटेना, गिरणीवाला नखशिखांत पांढरा झालेला असतो आणि कुणी म्हणत नाही की बायकी काम करतो. आणि तिसरं म्हणजे दळणाचा डबा सायकलच्या कॅरियरला लावून मुलगे जायला लागले. माझा भाऊ, ज्याने घरात पाण्याचा पेला उचलला नाही, तो दर रविवारी दळण आणायचा! का? तर ते बाहेरचं काम होतं.

कुकर, मिक्सर आणि आता पॉट, हे सगळं घरात राहिलं. आणि घरात राहिलेलं काम घरातल्या बाईलाच चिकटून राहतं, मग त्याला बटणं असोत नाहीतर दांडा.

आकडे हवेत तर घ्या. केंद्र सरकारने २०१९ मध्ये लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या, करणारे पुरुष ९७ मिनिटं. करणारे म्हणजे जे मुळात काहीतरी करतात ते, आणि असे पुरुष शंभरात सव्वीस, बायका शंभरात एक्याऐंशी. मग २०२४ मध्ये परत पाहणी झाली. मधल्या काळात लॉकडाऊन होऊन गेला, घरोघरी पुरुष पोळ्या लाटतानाचे फोटो टाकत होते आठवतंय ना, म्हणजे काहीतरी फरक पडायला हवा होता. बायकांचे २८९ झाले. आणि पुरुषांचे? ८८. त्यांचेही नऊ मिनिटांनी कमीच झाले! म्हणजे यंत्राने म्हणा कशाने म्हणा, जो काही वेळ वाचला तो दोघांनी जवळपास सारखा वाटून घेतला, फक्त एकाची सुरुवात तिनशेपासून होती.

सुप्रीम कोर्टाने २०२१ च्या जानेवारीत अपघाताच्या भरपाईच्या एका केसमध्ये गृहिणीच्या कामाची किंमत धरलीच पाहिजे असं सांगताना याच २०१९ च्या पाहणीचा दाखला दिला होता, आणि जनगणनेचाही, की घरकाम हाच मुख्य व्यवसाय असं सुमारे १६ कोटी बायकांनी सांगितलं आणि पुरुषांनी ५८ लाख. मला त्यातलं एवढंच खुपतं की ही किंमत कोर्टात काढायची वेळ कधी येते, तर ती बाई गेल्यावर.

आता कुणी म्हणेल अगं बाई तू अमेरिकेत बसून काय बोलतेस, तुमच्याकडे तर नवरे स्वयंपाक करतात. करतात. माझाही करतो. पण का करतो ते मला माहितीये. इथे मावशी नाहीत. पुण्यात माझ्या मैत्रिणीकडे सकाळी सात वाजता पोळ्यांच्या मावशी येतात, वीस पोळ्या, एक भाजी, वरण-भाताचा कुकर, पाऊण तासात पुढच्या घरी. काम मैत्रिणीच्या हातून गेलं, पण ते सोफ्यावरच्या माणसाकडे न जाता सरळ दुसऱ्या बाईकडे गेलं, जी पाच-सहा घरं आटपून स्वतःच्या घरी जाऊन परत कुकर लावते, आणि तिच्या घरात सगळं एकात करणारं भांडं नाही. मी मैत्रिणीला दोष देत नाहीये, मीही तेच केलं असतं, आनंदाने केलं असतं. पण याला आपण पुरुष सुधारले म्हणू नये. इथले पुरुष ओट्याशी उभे आहेत ते विचारांनी नव्हे, नाइलाजाने. पुरावा पाहिजे तर त्यांना सुट्टीत घेऊन जा, मुंबईच्या विमानतळावर उतरलं की त्यांच्या हातातलं बळ जातं, पाणीसुद्धा मागून पितात.

काम घराबाहेर न्यायचा रस्ता आपल्याकडे बराच चालून झालाय, आणि मला तो पॉटपेक्षा महत्त्वाचा वाटतो. मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे कापडगिरण्यांच्या भागात, घराघरांतून खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. त्या बायका कापडगिरण्यांतल्या कामगारांना दोन वेळा जेवायला घालत होत्या, सावकाराचं कर्ज डोक्यावर घेऊन, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तोच स्वयंपाक, तेच हात, पण आता तो धंदा झाला. आज महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत पोळीभाजी केंद्र आहे आणि संध्याकाळी तिथल्या रांगेत पुरुष उभे असतात, दळणाच्या डब्याचंच हे दुसरं रूप. २०२० च्या प्रजासत्ताकदिनी सरकारने दहा रुपयांत शिवभोजन थाळी काढली, त्याआधी १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर होती. या योजनांकडे आपण फक्त गरिबाचं पोट म्हणून बघतो आणि त्यांचं पुढे काय होतं ते सोडून देतो. पण बघा ना, चांगल्या, स्वच्छ, परवडणाऱ्या जेवणाची जागा प्रत्येक वॉर्डात असेल तर कितीतरी घरांत संध्याकाळचा कुकर आठवड्यातून दोन-तीन वेळा लावावाच लागणार नाही. घरोघरी सात-आठ हजारांचं भांडं, प्रत्येकाच्या ओट्यावर, प्रत्येकजण आपापली दीड वाटी डाळ शिजवतोय, हे मला कधीकधी प्रत्येकाने घरी स्वतःची गिरणी बसवल्यासारखं वाटतं. (तशी घरघंटी पण निघालीच आहे म्हणा, आणि ती साफ कोण करतं हे परत विचारायला लावू नका.)

इथे आमच्याकडेही दोन-तीन काकू पोळ्यांच्या ऑर्डरी घेतात, शुक्रवारी संध्याकाळी मोजून पन्नास पोळ्या घरी. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना ते फार लागलं, विकतच्या पोळ्या? मी म्हणलं आई, तुम्ही पीठ विकत दळून आणत होताच की, तेव्हा तुमच्या सासूबाईंना काय वाटलं होतं? त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "त्या म्हणायच्या, गिरणीच्या पिठाला चव नसते." मग आम्ही दोघी हसत सुटलो.

दुसरा रस्ता म्हणजे काम घरातच ठेवायचं पण दुसऱ्या हातात द्यायचं, आणि इथे मात्र मी पॉटच्या बाजूने आहे, पूर्णपणे. कारण आपल्या स्वयंपाकाला एक कुलूप होतं, त्याचं नाव अंदाज. आईला विचारा मीठ किती, अंदाजाने. पाणी किती, बोटाच्या पेरापर्यंत. किती वेळ, वास सुटेपर्यंत. हे खरंच मोठं कसब आहे, मी त्याची टर उडवत नाही. पण त्या कुलपाने दोन कामं केली. बाईला तेवढा एक मान दिला, की बाकी काही नसलं तरी माझ्या हाताला चव आहे, आणि पुरुषाला आयुष्यभराची सूट दिली, की मला नाही बुवा जमत. दोघंही त्या कुलपावर खूश होते, म्हणून ते इतकी वर्षं टिकलं.

पॉटला अंदाज कळत नाही, त्याला आकडे लागतात. आमच्या फ्रिजवर एक कागद आहे. तूरडाळ एक वाटी, पाणी अडीच, ८ मिनिटं. मोडाची मटकी, १ मिनिट, लगेच वाफ सोडायची. भिजवलेले छोले, ३५. हरभऱ्याची डाळ पुरणाला, १५. बटाटे, अख्खे, १०. दही, विरजण चमचाभर, ८ तास. हा कागद माझा नवरा वाचू शकतो, माझा पंधरा वर्षांचा मुलगा वाचू शकतो. एक वाटी म्हणजे कुठली वाटी हे भांडण झालं, मग ती वाटी बाजूला काढून तिच्यावर नेलपेंटने खूण केली. पहिल्या महिन्यात नवऱ्याने फोडणीचा तळ न खरवडता वर टोमॅटो आणि डाळ घातली, पॉट बर्न बर्न करून बंद पडला, त्याने उघडून खरवडलं, परत लावलं. मी वरच्या मजल्यावर होते, उतरले नाही. हे न उतरणं मला अवघड गेलं, खोटं कशाला बोलू. कुणीतरी आपल्या ओट्यावर आपल्यापेक्षा वाईट काम करतंय आणि आपण गप्प बसायचं, हे आपल्या पिढीच्या बायकांना कुणी शिकवलेलं नाही. पण त्या कागदाने माझा मान थोडा गेला आणि मला आठवड्यातल्या तीन संध्याकाळी मिळाल्या, हा सौदा मी परत करीन.

कौतुकाचं तर बोलायलाच नको. गणपतीत नवऱ्याने मंडळासाठी मसालेभात नेला, पॉटमधला, तर "अरे वा, तू केलास?" पन्नास जणांनी. त्याच मंडळात मी अकरा वर्षं मोदक नेतेय, उकडीचे, पारी फाटू न देता, तर लोक म्हणतात यंदा थोडे लहान झालेत का.

चवीचं म्हणाल तर मान्य, काही गोष्टी त्यात होत नाहीत. पिठलं कढईतच, भरली वांगी मंद गॅसवर कडेने तेल सुटेपर्यंत, भाकरीला तवा आणि विस्तवच. साबुदाण्याची खिचडी पॉटमध्ये करणाऱ्याला उपासाचं पुण्य मिळू नये. पण रोजचं जेवण हे भरल्या वांग्यांनी बनलेलं नसतं, ते वरण-भात-उसळीने बनलेलं असतं, आणि आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखं डोळे बांधून कुणालाही चाखायला दिलं तरी त्याला कुकरचं वरण कुठलं आणि पॉटचं कुठलं ते सांगता येणार नाही. मी घरी करून बघितलंय, सासूबाईंनी उलट सांगितलं.

म्हणून माझी तक्रार यंत्रावर नाहीच, ते कुणाच्या नावाने घरात येतं यावर आहे. रुखवतात मिक्सर मुलीकडून. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून चाळणी, किसणी, डबा, बायकांनी बायकांना दिलेली बायकांच्या कामाची हत्यारं. मदर्स डेला पॉट सेलवर येतो, फादर्स डेला मी शोधून बघितला, ड्रिलवर सूट होती. आणि पॉट काढणाऱ्या रॉबर्ट वांगना तो प्रश्न बाप म्हणून पडला होता ना? मग त्याची जाहिरात बापाला का नाही? मुलग्यांना मुंजीत, दहावीनंतर, होस्टेलला जाताना कुकर द्या, कागदासकट द्या. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आई आणि वडील दोघं बसून भाजी निवडतायत असं चित्र छापलं, तेव्हा लोकांनी त्याचं कौतुक केलं. चित्राच्या पुढे जायला हरकत नाही. सातवी-आठवीत सगळ्या मुलामुलींना वर्षभर आठवड्यातून एक तास कुकर लावणं, कणीक मळणं, भाजी निवडणं आणि नंतर भांडी घासणं, परीक्षेसकट, मार्कांसकट, कारण आपल्याकडे मार्क असल्याशिवाय आईबापही कुठल्या गोष्टीला किंमत देत नाहीत. कार्यानुभवाच्या तासाला फुलांच्या कागदी माळा आम्ही पुष्कळ केल्या.

यंदा मे महिन्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं सहा आठवडे ओट्यापाशी उभं राहायचं नाही. मी इथून पॉट पाठवायचं म्हणत होते, तिकडेही मिळतो, पण बाबा म्हणाले नको, आहे तो कुकर काय वाईट आहे. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी आईला विचारून विचारून डाळ-तांदूळ धुतले, डबे ठेवले, शिट्टी लावली, आणि माझ्याकडे रात्रीचे साडेदहा वाजले असताना फोन आला. आई औषधाने झोपली होती, तिला उठवायचं नव्हतं.

"तीन झाल्या," बाबा म्हणाले. आवाज बारीक होता. "आता पुढे काय करायचं असतं?"

म्हणलं बाबा, गॅस बंद करा. मग खट् आवाज आला, बटणाचा. मग ते म्हणाले, "आणि वरणात हळद घालायची राहिली आहे बहुतेक. ती आधी घालतात का नंतर?"